दुरुस्त आणि दुरुस्ती : ‘सायबरपंक २०७७’ला माफी कुणाच्या वतीने?

उर्दूत एक म्हण आहे, मूळ फारसीतली: देर आए, दुरुस्त आए. उशीर झाला खरा, पण आला तो नीट आला. ‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कॉलेजात गेलेले माझे जुने विद्यार्थी हीच म्हण तोंडावर फेकतात. भाचा तर ठासून सांगतो, “मामू, वो सब पुरानी बातें हैं, अब तो एक नंबर गेम है.” जगभरातल्या समीक्षकांचा आणि खेळाडूंचा सूरही आता असाच आहे. २०२० साली पडलेला गेम कंपनीने उचलून उभा केला, हट्टाने सुधारला, आता टाळ्या वाजवा.

हा गेम आज चांगला आहे, हे मला मान्य आहे. तो मी शेवटपर्यंत खेळलो आहे, आणि त्यात काय चांगलं आहे ते पुढे लिहिणारही आहे. माझं भांडण टाळ्यांशी आहे. या टाळ्यांच्या आवाजात एक साधा हिशेब बुडून गेला आहे, आणि तो पुन्हा मांडायला हवा.

सुरुवात म्हणीपासूनच करू, कारण माझा धंदा भाषेचा आहे. मराठी माणूस ‘दुरुस्त’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दुरुस्ती असते. सायकल दुरुस्त केली, पंखा दुरुस्त केला. म्हणजे वस्तू आधी बिघडली होती. उर्दूत ‘दुरुस्त’ म्हणजे बरोबर, ठीक, जसं असायला हवं तसं. मुलाचं उत्तर बरोबर असलं की उर्दूचा शिक्षक ‘दुरुस्त’ म्हणतो, तिथे काही मोडलेलं नसतं. म्हणजे ही म्हण त्या माणसाचं कौतुक करते जो वेळ घेतो आणि येतो तेव्हा नीट येतो. मोडका माल वेळेवर गळ्यात मारून मग तीन वर्षं तो सांधत बसणाऱ्याला ती लागूच होत नाही. माझे विद्यार्थी म्हण उर्दूतली वापरतात आणि अर्थ मराठीतला लावतात.

गंमत अशी की ही म्हण खुद्द कंपनीनेच एकदा दिलेली होती. पोलंडची राजधानी वॉर्सॉ इथली ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ ही ती कंपनी. तिने २०१२ साली हा गेम जाहीर केला. जानेवारी २०१३मध्ये पहिली छोटी झलक आली तेव्हा ‘कधी येणार?’ या प्रश्नाला तिचं उत्तर होतं: तयार होईल तेव्हा. किती सुंदर उत्तर! २०१५ साली याच कंपनीचा ‘द विचर ३’ आला आणि त्याने तिची पत इतकी वाढवली की लोक तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू लागले. सगळ्या प्रकरणात सांडली ती हीच पत, म्हणून ती लक्षात ठेवायला हवी.

मग जाहिरातीचं यंत्र सुरू झालं. २०१८च्या ऑगस्टमध्ये ४८ मिनिटांची खेळाची चित्रफीत आली. २०१९च्या जूनमध्ये लॉस एंजलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात अभिनेता कियानू रीव्ज स्वतः मंचावर आला आणि तारीख जाहीर झाली: १६ एप्रिल २०२०. ती पुढे ढकलून १७ सप्टेंबर झाली, मग १९ नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम ‘गोल्ड’ झाल्याचं सांगण्यात आलं. या धंद्यात त्याचा अर्थ होतो, तबकड्या छापायला दिल्या. आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला पुन्हा पुढे ढकलला. शेवटी १० डिसेंबर २०२० रोजी तो बाजारात आला. ‘तयार होईल तेव्हा’ हा शब्द कुठे मोडला असेल, तर इथे. तीनदा थांबलेल्यांना चौथ्यांदा थांबवत नव्हतं. नाताळचा बाजार समोर होता आणि ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरून प्रत नोंदवलेली होती.

विक्री सुरू झाल्यावर लगेच कंपनीने आपल्या गुंतवणूकदारांना कळवलं, की आगाऊ नोंदणीतून मिळायच्या रकमेतच गेम बनवण्याचा आणि त्या वर्षीच्या जाहिरातीचा सगळा खर्च निघाला आहे. म्हणजे गिऱ्हाइकाने पुडी उघडण्याआधीच दुकानदाराचं भांडवल वसूल. यापुढे माल कसा निघेल, ही चिंता उरते ती फक्त गिऱ्हाइकाची.

आता माल कसा निघाला ते पाहू. आंब्याची पेटी घेणाऱ्या कुणालाही ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. वरच्या थरात हापूस, टवटवीत, देठासकट. खालच्या थरात काय आहे ते घरी गेल्यावर कळतं. ‘सायबरपंक’ अनेक यंत्रांसाठी एकाच दिवशी विकला गेला: संगणक, आणि सोनी व मायक्रोसॉफ्टचे गेम खेळायचे डबे, म्हणजे प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स. समीक्षकांना विक्रीआधी जी प्रत मिळाली ती फक्त संगणकाची. वर अट अशी, की स्वतः खेळताना टिपलेली दृश्यं दाखवायची नाहीत, कंपनीने पुरवलेलीच वापरायची. परीक्षणं ७ डिसेंबरला आली आणि गुणांची सरासरी शंभरात नव्वदीच्या आसपास गेली. हा वरचा थर.

खालचा थर होता २०१३ साली आलेल्या जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनचा. त्यावर हा गेम विक्रीआधी कुणालाच धड दाखवला गेला नव्हता. नोव्हेंबरमध्ये कंपनीचे सह-प्रमुख ॲडम किचिन्स्की गुंतवणूकदारांना सांगत होते, की एवढ्या प्रचंड जगाच्या मानाने तो जुन्या यंत्रांवरही आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. १० डिसेंबरला लोकांनी तो लावला तेव्हा चित्रं अडकत होती, माणसांचे चेहरे धुरकट दिसत होते, आणि गेम मध्येच बंद पडत होता. त्या यंत्रावरच्या परीक्षणांची सरासरी आजही ५७ आहे. एकच नाव, एकच वेष्टन, आणि एका थरातून दुसऱ्या थरात तीसेक गुणांचा फरक.

१४ डिसेंबरला कंपनीने माफीपत्र काढलं. जुन्या यंत्रांवरचा गेम आधी दाखवला नाही आणि त्यामुळे लोकांना विचारपूर्वक खरेदी करता आली नाही, याबद्दल ती माफी होती. हे वाक्य नीट वाचण्यासारखं आहे. गेममध्ये चुका राहिल्या, एवढंच त्यात म्हटलेलं नाही. खालचा थर झाकलेला होता, हे त्यात आलं आहे. तीन दिवसांनी सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि मागेल त्याला पैसे परत देऊ केले. एवढा मोठा गेम दुकानातून असा उतरवला जाणं ही या धंद्यात जवळजवळ न घडणारी गोष्ट. २१ जून २०२१ला तो परत दुकानात आला, तेव्हाही सोबत इशारा होताच, की प्लेस्टेशन ४वर अजून अडचणी येऊ शकतात. आणि तरी २० डिसेंबरपर्यंतच, म्हणजे पहिल्या दहा दिवसांत, १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या.

इथवरचा इतिहास आजचे चाहतेही नाकारत नाहीत. ते म्हणतात, पुढचं पाहा. तर पुढचं पाहू, आणि मोकळ्या मनाने पाहू.

फेब्रुवारी २०२२मध्ये १.५ क्रमांकाची मोठी सुधारणा आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच जगावर बेतलेली ‘एजरनर्स’ ही जपानी धाटणीची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि तिच्यामुळे लोक पुन्हा गेमकडे वळले. सप्टेंबर २०२३मध्ये २.० ही सुधारणा आणि पाठोपाठ ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार आला. त्याच वर्षाच्या शेवटी गेमच्या दुनियेतल्या मोठ्या पुरस्कार सोहळ्यात त्याला सतत सुधारत राहिलेल्या गेमसाठीचा पुरस्कार मिळाला. खप आता तीन कोटींच्या पुढे गेला आहे.

आज संगणकावर किंवा नव्या यंत्रावर हा गेम लावलात तर नाइट सिटी हे त्याचं शहर तुम्हाला धरून ठेवेल. मी खेळलेल्या गेमांमध्ये इतकं उभं शहर दुसरं नाही. रस्त्यावर रस्ता, त्यावर पूल, पुलाखाली बाजार, बाजाराच्या डोक्यावर जाहिरातींचा उजेड. पावसात तिथून चालत जावं, काही करू नये, एवढ्यानेही संध्याकाळ जाते. लेखन तर काही ठिकाणी थक्क करणारं आहे. फाशीची शिक्षा झालेला एक खुनी तुरुंगात धार्मिक होतो. एक कंपनी त्याच्याशी करार करते: त्याला क्रुसावर चढवायचं, त्याच्या वेदना आणि श्रद्धा यंत्राने टिपायच्या आणि लोकांना विकायच्या, म्हणजे विकत घेणाऱ्याला त्या जशाच्या तशा अनुभवता येतील. तुम्ही त्याच्यासोबत जेवायला बसता, त्याने ज्याला मारलं त्याच्या बहिणीला भेटता, आणि शेवटी खिळे ठोकायला तो तुम्हालाच बोलावतो. श्रद्धेचा बाजार मांडणाऱ्यांवर आणि त्या बाजारात स्वखुशीने उभ्या राहणाऱ्या श्रद्धावानावर इतकं अवघड काही मी गेममध्ये पाहिलेलं नाही. तिथे बंदूक चालवावी लागत नाही. फक्त ठरवावं लागतं.

हे श्रेय मी हातचं राखून देत नाही. ज्या लेखकांनी, चित्रकारांनी, प्रोग्रामरांनी हे घडवलं त्यांना सलाम.

पण दुरुस्तीने काय सुधारलं आणि काय तसंच राहिलं, हेही पाहायला हवं. उर्दूत मरम्मत आणि तामीर असे दोन शब्द आहेत. मरम्मत म्हणजे डागडुजी, तामीर म्हणजे बांधणी. २०२०मध्ये तुम्ही गुन्हा केलात की पोलीस हवेतून उगवल्यासारखे पाठीमागे उभे राहत. २.०मध्ये ते गाड्या घेऊन पाठलाग करू लागले. कौशल्यं वाढवायची किचकट रचना नव्याने केली. जाहिरातीत धावणारी मेट्रो पहिली तीन वर्षं केवळ स्थानकांच्या रूपाने होती. डिसेंबर २०२३मध्ये तिच्यात बसून प्रवास करता येऊ लागला. ही सगळी मरम्मत, आणि ती उत्तम झाली.

तामीर मात्र तीच आहे. या गेमचं मोठं आश्वासन होतं, की तुमचा नायक कुठून आला ते तुम्ही ठरवायचं: भटक्या टोळीतला, रस्त्यावर वाढलेला किंवा मोठ्या कंपनीतला नोकरदार. तीन जन्म, तीन आयुष्यं. प्रत्यक्षात प्रत्येक वाट अर्ध्या-पाऊण तासात संपते आणि तिन्ही एकाच रस्त्याला लागतात. पुढे उरतात ते अधूनमधून बोलायला मिळणारे दोन-चार वेगळे संवाद. नायकाचा जिवलग मित्र जॅकी. त्या मैत्रीचे सहा महिने एका छोट्या चित्रफितीत भरभर दाखवून टाकले आहेत, आणि लगेच पुढच्या मोठ्या प्रसंगात त्याच्यासाठी आपण रडावं अशी अपेक्षा आहे. जी मैत्री जगू दिली नाही तिचा शोक कसा करायचा? भिंतीवरून धावण्याचं कौशल्य २०१८च्या चित्रफितीत दाखवलं होतं, ते विक्रीआधीच काढून टाकलं आणि परत आलं नाही. चित्रफितीवर ‘काम चालू आहे’ अशी सूचना होती, असं समर्थक सांगतात. होती. पण माणूस डोळ्यांनी पाहिलेलं लक्षात ठेवतो, कोपऱ्यातली सूचना विसरतो, आणि जाहिरात बनवणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

त्याहून खोल दुखणं कथा आणि शहर यांच्या नात्याचं आहे. नायकाच्या डोक्यात एक चिप बसली आहे, ती त्याचा मेंदू खात चालली आहे, डॉक्टरने हातात मोजके आठवडे दिले आहेत. आणि नकाशा मात्र शेकडो खुणांनी भरलेला. हरवलेल्या टॅक्स्या शोधून द्या, मुष्टियुद्धाच्या स्पर्धेत उतरा, या गल्लीतली टोळी मारा, त्या गल्लीतली मारा. मरायला टेकलेला माणूस शहरभर उनाडक्या करत फिरतो आणि त्याचा आजार त्याची वाट पाहत थांबतो. मोकळ्या जगाच्या बहुतेक गेमांना हा रोग आहे, पण इथे कथेचा जीवच वेळ संपण्यात असल्याने तो जास्त टोचतो. आणि ज्या शहराला ‘जिवंत’ म्हणून विकलं, त्याच्या रस्त्यावर एखाद्याला थांबवून पाहा. तो ठरलेलं एखादं वाक्य फेकतो आणि चालू लागतो. हे कुठल्याही अपडेटने बदललेलं नाही, कारण ते बिघडलेलं नव्हतंच. ते तसंच बांधलेलं होतं.

माझं मोजमाप असं: अप्रतिम नेपथ्य, काही अविस्मरणीय प्रवेश, बरी मुख्य कथा, आणि सामान्य ‘मोकळं जग’. चांगला गेम. जी क्रांती सांगून आठ वर्षं विकली, ती मात्र नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुरुस्ती झाली, पण कुणाची?

‘फँटम लिबर्टी’ आणि २.० फक्त संगणक आणि नव्या पिढीच्या यंत्रांसाठी आले. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठीची मोठी कामं सप्टेंबर २०२२च्या १.६वर थांबली. म्हणजे ज्याच्या पेटीत नासका थर निघाला होता, त्याला बदली माल मिळालाच नाही. त्याला सांगितलं गेलं की चांगला माल आता आला आहे, फक्त तो खायला नवी पेटी घे. ज्या गेमच्या पुनर्जन्माचं जग कौतुक करतं, तो त्या माणसाच्या घरातल्या यंत्रावर कधी झालाच नाही. त्याच्याकडे अजून तोच अर्धामुर्धा मृतात्मा आहे.

आपल्याकडे तर हे जास्तच लागू पडतं. १० डिसेंबर २०२० रोजी भारतात प्लेस्टेशन ५ अधिकृतपणे मिळतच नव्हता. तो इथे आला २ फेब्रुवारी २०२१ला, आणि तबकडीवाल्या यंत्राची किंमत होती ४९,९९० रुपये. मुंबई, पुणे किंवा नागपूरमधला एखादा मुलगा त्या दिवशी सरळ मार्गाने प्लेस्टेशनवर हा गेम घेणार असेल, तर त्याच्या नशिबात खालचाच थर होता. तो कोरोनाचा काळ होता, घरोघरी पगार कापलेले होते, आणि अशा वेळी साठवलेल्या पैशातून घेतलेल्या वस्तूला किंमत वेगळी असते. त्या मुलाने पुढे पन्नास हजारांचं यंत्र घ्यायचं आणि मग म्हणायचं, देर आए दुरुस्त आए?

गुंतवणूकदारांचं काय झालं तेही पाहा. कंपनीने खरी परिस्थिती लपवली, असा दावा शेअर घेणाऱ्यांनी अमेरिकेत लावला. डिसेंबर २०२१मध्ये १८ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड ठरली. रक्कम कंपनीच्या मानाने किरकोळच, पण निदान कागदावर आकडा तरी आला. शेअर घेणाऱ्याला भरपाई आणि गेम घेणाऱ्याला धीर धरण्याचा उपदेश, असा हा न्याय.

यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत.

पहिला: पैसे परत दिले होते ना? दिले, ज्याने मागितले त्याला. पण पैसे परत देणं हे विक्रेत्याचं औदार्य नव्हे, कर्ज आहे. कर्ज फेडणाऱ्याचा सत्कार करायचा नसतो. आणि ज्यांनी ‘सुधारेल’ या शब्दावर विश्वास ठेवून पैसे परत मागितले नाहीत, तेच सर्वांत जास्त फसले. जुन्या यंत्रावरच्या या गिऱ्हाइकांनी जो संयम दाखवला त्याची शिक्षा त्यांनाच मिळाली.

दुसरा: ‘नो मॅन्स स्काय’चंही असंच झालं होतं, तेव्हा सगळ्यांनी माफ केलं. २०१६ साली आलेला तो गेम एका छोट्या चमूने बनवला होता, त्याचीही आश्वासनं फुगवलेली होती आणि त्यालाही लोकांनी झोडपलं. पण त्याने नंतर वर्षानुवर्षं जी भर घातली ती फुकट, आणि ज्या प्लेस्टेशन ४वाल्याने पहिल्या दिवशी पैसे दिले त्याच्या त्याच यंत्रावर घातली. फसवल्या गेलेल्या माणसाच्या दारात परत जाणं आणि नव्या गिऱ्हाइकासाठी नवं दुकान थाटणं, यात फरक आहे. उलट ‘नो मॅन्स स्काय’चं उदाहरण मला धोक्याचं वाटतं ते वेगळ्या कारणाने. एकाची अपवादात्मक मेहनत पुढे दहा जणांची सबब होते.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: गेम बनवणं अवघड असतं, मेहनत करणाऱ्यांचा मान राखा. राखतो. म्हणूनच विचारतो, मान कुणी राखला नाही? २०१९मध्ये याच कंपनीच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं की जादा तासांची सक्ती करणार नाही. सप्टेंबर २०२०च्या अखेरीस आठवड्यात सहा दिवस कामावर या, असा हुकूम निघाला. विक्रीनंतर झालेल्या अंतर्गत बैठकीची बातमी ब्लूमबर्गने दिली होती. कंपन्यांकडून होणाऱ्या पिळवणुकीवर गेम बनवायचा आणि आपल्याच माणसांकडून जादा काम करून घ्यायचं, हा ढोंगीपणा नाही का, असं एका कर्मचाऱ्याने संचालकांना विचारलं. मी या लेखात जे म्हणतो आहे ते त्याने आतून, नोकरीत असताना म्हटलं. ‘सायबरपंक’चं मूळ जग माइक पाँडस्मिथ या अमेरिकी लेखकाने १९८८ साली कागदावर खेळायच्या खेळासाठी रचलं. त्यात बड्या कंपन्या माणसाचं शरीरसुद्धा हप्त्याने विकतात आणि करारातल्या बारीक अक्षरांत अडकवतात. ते जग विकणाऱ्यांनी तरी बारीक अक्षरांची लाज बाळगायला हवी होती.

म्हणून कामगारांची मेहनत आणि संचालकांचा निर्णय एकाच टाळीत मोजू नका. गेम सुधारला कामगारांनी. तो अपुरा विकायचा निर्णय त्यांचा नव्हता. ‘पुनरागमन’ या गोड शब्दाने दोघांना एकत्र बांधलं की मेहनतीच्या पुण्याईवर निर्णयाचं पाप धुतलं जातं.

शिक्षक म्हणून मला एवढंच ठाऊक आहे: दहावीत नापास झालेलं मूल पुरवणी परीक्षेला बसतं, अभ्यास करतं, पास होतं. त्याचा मला आनंदच होतो, मी त्याच्या घरी जाऊन पेढा खातो. पण म्हणून मार्चची गुणपत्रिका कुणी फाडून टाकत नाही. आणि हे उदाहरणसुद्धा कंपनीच्या बाजूने फार उदार आहे. मुलाच्या नापास होण्याचा भुर्दंड मूलच भरतं. इथे नापास झाली कंपनी आणि भुर्दंड भरला गिऱ्हाइकाने. शिवाय उत्तरपत्रिकेची चांगली पानं तेवढी परीक्षकापुढे ठेवून उरलेली झाकणाऱ्या मुलाला आपण पुरवणीला बसवत नाही, त्याची चौकशी करतो.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण जुना राग नाही. कंपनीच्या पुढच्या गेमची, ‘द विचर ४’ची झलक डिसेंबर २०२४मध्ये आली आहे. ‘सायबरपंक’चा पुढचा भागही तयार होतो आहे. पुन्हा तीच सुंदर चित्रफीत, तीच आगाऊ नोंदणी, आणि या वेळी जोडीला एक नवं भांडवल: ‘आम्ही पडलो तरी उठतो, हे तुम्ही पाहिलंच आहे.’ पडून उठण्याची गोष्ट एकदा जाहिरातीत शिरली की पडणं परवडू लागतं. दुसऱ्या कंपन्याही हा धडा गिरवतील: आधी विका, पैसे वसूल करा, उरलेलं तीन वर्षांत पाहू, लोक शेवटी टाळ्या वाजवतातच.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी जे सांगतो ते इथेही सांगतो. आगाऊ पैसे भरू नका. डिजिटल वस्तू कधी संपत नाही, रांगेत पहिलं उभं राहून काहीही हाती लागत नाही. आपल्याकडे जे यंत्र आहे त्याच यंत्रावरचं, खेळणाऱ्याने स्वतः टिपलेलं दृश्य पाहिल्याशिवाय परीक्षणातल्या आकड्यावर भुलू नका. जे समीक्षक कंपनीने पुरवलेल्या चित्रफितींवर परीक्षण देतात, त्यांना विचारा की खालचा थर पाहिलात का. आणि पालकांनो, हा गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, हे वेष्टनावर लिहिलेलं आधी वाचा.

आज कुणाला ‘सायबरपंक २०७७’ खेळायचा असेल, आणि तो चालेल असं यंत्र घरात असेल, तर जरूर खेळा. सवलतीत मिळतो, नीट चालतो, आणि तो क्रुसावर चढणारा कैदी तुम्हाला काही दिवस झोपू देणार नाही. गेमचं कौतुक करा, बनवणाऱ्या हातांचं करा. कंपनीला माफ करायचं असेल तर ती माफी तिच्याकडून मागून घ्या, ज्याने डिसेंबर २०२०मध्ये जुन्या यंत्रात ती तबकडी घातली होती. त्याच्या वतीने माफ करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, आणि पुरस्कार देणाऱ्या मंचाला तर मुळीच नाही.